आईच्या मसाल्याचे थांबे

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या ऑफिसने आम्हा काही जणांना एका कोर्सला बसवलं. कुठलंही मोठं काम टप्प्याटप्प्याने कसं तडीस न्यावं, त्याची एक बांधीव पद्धत शिकवणारा कोर्स. ऑफिस परळला, कोर्सही तिथेच, वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा. एसी इतका की मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसले होते. कोणी काही शिकवायला लागलं की आधी माझ्या कपाळाला आठ्या पडतात, हा माझा जुना स्वभाव. त्यात पन्नाशी उलटलेली. आता हा पोरगा आपल्याला काम करायला शिकवणार, म्हणून मी हाताची घडी घालून तयारच होते.

पण पोरगा शहाणा निघाला. तो म्हणाला, काम सुरू करण्याआधी विचारायचं की हे आपण का करतोय. आणि एकदाच विचारून भागत नाही. कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी थांबायचं, काय तयार झालंय ते बघायचं, आणि पुन्हा विचारायचं की ते कारण अजून शिल्लक आहे का. असेल तर पुढे, नसेल तर काम तिथेच बंद करायचं. तसं बंद करणं म्हणजे नापास होणं नव्हे. मग त्याने सांगितलं की काम कोण करणार, ठरवणार कोण आणि ते शेवटी वापरणार कोण, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक हवं. इथे मला हसू आलं. त्याने विचारलं, "मॅडम, काय झालं?"

"काही नाही, आमच्या आईचा मसाला आठवला," मी म्हटलं.

सगळा वर्ग हसला. तो मात्र म्हणाला, "सांगा की." मी सांगितलं नाही. सांगायला बसले असते तर सगळ्यांचं जेवण हुकलं असतं.

आमची खोली लालबागला. आई अजून तिथेच राहते, एकटी. मसाल्याचा बाजार इतका जवळ की उन्हाळ्यात डंकांची धपधप घरात ऐकू यायची. डंक म्हणजे मसाला कुटायची यंत्रं. लोखंडी मुसळं एकामागून एक खाली येतात, आणि आजूबाजूला उभी असलेली माणसं शिंकून शिंकून बेजार झालेली असतात. वर्षाचा मालवणी मसाला आई उन्हाळ्यात करायची. आमच्या घरचा आणि गिरगावातल्या मावशीचा. पुढे माझं लग्न होऊन मी वडाळ्याला गेले, भाऊ नायगावला पोलीस वसाहतीत राहायला गेला, तशी त्यात आमची दोन घरं वाढली. आईची पातेली तेवढी मोठी झाली.

खरेदी, ऊन देणं, देठ खुडणं, भाजणं, कुटणं, भरणं. हा क्रम सगळ्यांच्याच घरी असतो. आमच्या घरी वेगळे होते ते थांबे. एक काम संपलं की आई दुसऱ्याला हात लावायची नाही. ती उंबऱ्यात बसायची, चहा प्यायची, मग जे तयार झालं असेल त्यातलं चिमूटभर तळहातावर घ्यायची, हाताची ओंजळ नाकाशी नेऊन डोळे मिटायची आणि म्हणायची, "चल, पुढे." ती हे म्हणेपर्यंत घरात कोणी कढई हलवायची नाही. आम्ही भावंडं त्याला आईची सही म्हणायचो. शेजारणी तिला हसायच्या. त्यांचा मसाला डब्यात भरून व्हायचा तेव्हा आमच्या मिरच्या अजून गच्चीवर ऊन खात पडलेल्या असायच्या.

कामंही वाटून दिलेली. मावशीने बाजारात यायचं ते भावाची घासाघीस करायला, कारण आईला दुकानदाराशी भांडता येत नसे आणि मावशीला भांडल्याशिवाय खरेदी केल्यासारखं वाटत नसे. बाबा गिरणीतून पाळी संपवून आले की गच्चीवर कबुतरं हाकलायला. देठ खुडायचं काम आम्हा पोरांचं. हातांची इतकी आग व्हायची की शाळेत बोटं थंड पाण्याच्या नळाखाली धरून उभं राहायचो, आणि दप्तरालासुद्धा बेडगी मिरचीचा वास यायचा. त्या वासाची तेव्हा लाज वाटायची. आता कुठे तो वास आला तर मी रस्त्यात थांबते.

आईचा आणखी एक नियम होता. एखाददुसरा देठ राहिला, एखादी मिरची काळी निघाली, तर तिला विचारायला जायचं नाही, आपलं आपण निभवायचं. पण मिरचीत ओल दिसली तर हातातलं काम टाकून तिला हाक मारायची. कोर्समध्ये या गोष्टीला अख्खा एक तास दिला होता. कामाला थोडी सूट आखून द्यायची, तिच्या आतलं खालच्याने सांभाळायचं, तिच्या बाहेर गेलं की लपवायचं नाही, ताबडतोब वरच्याला सांगायचं.

एका वर्षी गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि मिरच्या भिजल्या. बाबा म्हणाले, पुन्हा वाळव, काय होतंय. आईने वाळवल्या. मग थांब्यावर बसली, एक मिरची कानाशी धरून हलवली, मोडली, वास घेतला आणि म्हणाली, "नाही." सगळ्या मिरच्या गेल्या. त्या वर्षी आमच्याकडे मसाला झालाच नाही. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मावशीने तर चाळीच्या जिन्यात उभं राहून आईला ऐकवलं. आई कोणाशी भांडली नाही, पण तिने आपला शब्दही फिरवला नाही. मला तेव्हा ती फार हट्टी वाटली होती. नंतर कळलं की अर्ध्यावर आलेलं काम सोडायला केवढी छाती लागते. ऑफिसात मी असे कितीतरी प्रोजेक्ट पाहिलेत, जे केवळ सुरू झालेत म्हणून चालू आहेत.

असो. कोर्स झाला त्याच महिन्यात मी रजा टाकून आईकडे मसाल्याला गेले. नवं शिकलेलं असलं की अंगात येतंच. मी तिला सगळं समजावून सांगितलं, टप्पे, थांबे, कोणी काय करायचं, कारण संपलं तर बंद करायचं. ती मिरच्या पसरता पसरता ऐकत होती. मग म्हणाली, "ह्याच्यासाठी तुम्हाला एसीत बसवतात? बरं आहे बाय, आम्हाला कोणी नाही बसवलं."

तसं मला जाण्याचं आणखी एक कारण होतं. गेली काही वर्षं आईचा मसाला बिघडत चालला होता. आधी नुसता फिका वाटला, मग कडसर लागायला लागला. मावशीने सगळा दोष दुकानावर टाकला आणि आमचं वर्षानुवर्षांचं दुकान बदलायला लावलं. भाऊ म्हणाला, हल्ली धणेच पूर्वीसारखे येत नाहीत. वहिनीने काहीच म्हटलं नाही, पण तिच्या ओट्यावर विकतच्या मसाल्याची पुडी दिसायला लागली. आईच्या मसाल्यात ती पुडी मिसळत होती. माझ्या मनात आलं होतं की आईचा हात आता थकला. आणि हात थकला असं एकदा घरात कोणी मोठ्याने म्हटलं, की पुढच्या वर्षी कढई चढणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिला वर्षभर बोलावणारं, विचारणारं, तिच्यावाचून अडणारं तेवढं एकच काम उरलं होतं.

ऊन झालं, देठ झाले. दोन्ही थांब्यांवर आईची सही झाली, आणि मिरच्या खरंच फर्मास वाळल्या होत्या. मिरची वाळल्याचं कानाला कळतं, आत बिया खुळखुळतात. मग भाजायचा दिवस आला. आई शेगडीजवळ, मी दारात बसून खसखस निवडत होते. तिने धणे कढईत घातले. जरा वेळाने घरभर छान वास सुटला. मला वाटलं, आता उतरवेल. ती ढवळत राहिली. वास बदलला. नंतर कडवट झाला. मग सरळसरळ करपल्याचा वास आला, आणि आई तशीच शांतपणे ढवळत होती, कढईवर वाकून, चष्मा पुसून पुसून बघत. अखेर तिने गॅस बंद केला, धणे परातीत ओतले, चहा टाकला आणि उंबऱ्यात येऊन बसली. चिमूटभर धणे तळहातावर घेतले. ओंजळ नाकाशी नेली. डोळे मिटले.

"चल, पुढे," ती म्हणाली.

मी त्या धण्यांकडे बघत राहिले. गप्प बसणं सोपं होतं. धणे मसाल्यात गेले असते, मसाला पुन्हा कडू झाला असता, मावशीने पुन्हा दुकान बदलायला लावलं असतं. पण थांब्यावर खोटं बोललं की तो थांबा उरतच नाही. हे आईनेच आम्हाला शिकवलं होतं, परळच्या त्या काचेच्या खोलीत मी त्याचं नुसतं नाव शिकून आले होते.

"आई, पुढे नाही. धणे करपलेत."

"काहीतरीच तुझं. रंग बघ कसा आलाय."

"रंग नको बघू. वास घे."

तिने पुन्हा ओंजळ नाकाशी नेली. या वेळी बराच वेळ ठेवली. मग हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "येत नाही."

"कधीपासून?"

"तो कोरोना झाला होता ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. मी वाट बघितली."

मला आधी रागच आला, दुसरं काही नाही. मी ओरडले. गॅस उघडा राहिला तर कळणार आहे का तुला, एकटी राहतेस, आम्ही काय मेलो होतो का, एवढी वर्षं मूग गिळून बसलीस. ती ऐकून घेत होती. दूध तापायला ठेवलं की ती हल्ली शेगडीपासून का हलत नाही, जेवताना लोणचं का इतकं घेते, हे सगळं एकेक करत माझ्या लक्षात येत गेलं तसा माझा आवाज आणखी चढला. शेजारीण डोकावून गेली.

"सांगून काय झालं असतं?" आई म्हणाली. "तुम्ही म्हणाला असता, आता राहू दे मसाला, दमलीस. मसाला सोडून मला कशाला विचारता तुम्ही? सुनेच्या ओट्यावर पुडी बघितली मी. तिला काय बोलणार?" मग तिचा आवाज फाटला, आणि आवाज फाटला की ती गावच्या बोलीत जाते. "माका वासच येणा नाय, गो."

मग मी रडले. ती नाही रडली. ती माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

तिच्या पद्धतीत सगळं होतं, एवढीच एक गोष्ट नव्हती. आम्हाला तिने सांगून ठेवलं होतं की मोठी चूक दिसली तर मला हाक मारा. पण चूक तिच्याच नाकात शिरल्यावर तिने कोणाला हाक मारायची, हे कधी ठरलंच नव्हतं. तिच्या वर कोणीच नव्हतं. बाबा होते तेव्हाही नव्हतं. काम करणारी तीच, तपासणारी तीच. आम्ही सगळे नुसते खाणारे. आमच्यातल्या एकाने जरी पहिल्याच वर्षी तिला सरळ विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"मग बंद करूया," ती म्हणाली. "तुझा तो मास्तर म्हणतो ना, कारण संपलं की थांबायचं."

"कारण कुठे संपलंय? चार घरं जेवायची आहेत. भाजताना नाक माझं. कधी उतरवायचं ते तू ठरव."

"तुझं नाक? तुला भात लागलेला कळत नाही."

हे खरं आहे. पण दुसरं नाक घरात नव्हतं. करपलेले धणे आम्ही टाकले आणि दुसऱ्या दिवशी जुन्या दुकानात जाऊन नवे आणले. दुकानदाराने आईला ओळखलं. "काकी, कुठे होता एवढी वर्षं?" म्हणून स्टूल पुढे केलं. ती स्टुलावर बसली, आणि परत येताना पिशवी तिने माझ्याकडे दिली नाही.

धणे पुन्हा कढईत पडले. आता मी शेगडीजवळ, ती बाजूला पाटावर.

"कसा येतोय?"

"छान येतोय."

"छान म्हणजे काय डोंबल? नीट सांग. गवतासारखा कच्चा वास होता, तो गेला का?"

"गेला."

"मग आता काय येतंय?"

मी कढईवर वाकले. आयुष्यभर हा वास घेतला होता आणि त्याच्यासाठी माझ्याकडे एक धड शब्द नव्हता. "भाजलेल्या शेंगदाण्यासारखा," मी चाचपडत म्हटलं, "आणि मागून जरा लिंबाच्या सालीसारखा."

"उतरव. लगेच उतरव."

मग एकेक करत बाकीचे सगळे जिन्नस भाजून झाले. ती डोळे मिटून विचारायची, मी सांगायचे, आणि मी सांगितलेल्यातून ती वास जुळवायची. दगडफुलाला तिने विचारलं, बंद देऊळ उघडल्यावर येतो तसा आहे का. तिरफळं आणि मसाला वेलची तिने वेगळी ठेवायला लावली. वेलचीच्या वेळी म्हणाली, "बाबा गिरणीतून आले की त्यांच्या सदऱ्याला कसा वास यायचा, तेलाचा, धुराचा? त्याच्या जवळपास आला की सांग." त्या सदऱ्याचा वास मी विसरले होते. कढईसमोर उभी असताना तो इतका स्पष्ट आठवला की बाबा दारात चपला काढतायत असं वाटलं. मी नाक ओढलं तसं तिने विचारलं, "आला?" मी म्हटलं, "आला." "मग उतरव की, रडतेस काय."

भाजणं संपलं. आम्ही उंबऱ्यात बसलो. चहा झाला. तिने चिमूट उचलली आणि या वेळी माझ्या नाकाशी धरली. मी वास घेतला, सांगितला. तिने मान हलवली आणि म्हणाली, "चल, पुढे."

डंकावर नेहमीसारखी गर्दी होती. मुसळं पडायला लागली तशा सगळ्या बायका पदर नाकाला लावून शिंकायला लागल्या. आईही शिंकली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "मिरचीचा ठसका लागतो गं. वास नाही येत. म्हणून तर कोणाला कळलं नाही."

मसाला भरून झाल्यावर तिने रविवारी आम्हा भावंडांना जेवायला बोलावलं. मी म्हटलं, आता भावाला सांगूया. ती म्हणाली, जेवणं होऊ देत, मग बघू. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे. भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी, मी. खोलीत दाटीवाटीने पंगत बसली. वहिनीने पहिला घास घेतला आणि वाटी लगेच पुढे केली. भाऊ तर मान खाली घालून जेवत होता, लहानपणी जेवायचा तसा.

मी आईकडे पाहिलं. ती जेवत होती, पण ताटाकडे बघत नव्हती. ती आमच्या तोंडांकडे बघत होती. एकेकाच्या. भावाच्या, मग वहिनीच्या, मग नातीच्या. तिला जिभेवर मीठ कळत होतं, तिखट कळत होतं, बाकी काही नाही. इतकी वर्षं ती आपल्या हातचं जेवण आमच्या चेहऱ्यांवरून ओळखत होती, आणि आम्ही टीव्हीकडे बघत जेवत होतो.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"मस्त," भाऊ म्हणाला, वर न बघता.

मी हातातला वडा ताटात ठेवला. "आई, आधी धणे लागतात," मी म्हटलं. "मग तिखट येतं, पण भसकन नाही, घशाशी गेल्यावर. दगडफूल अगदी थोडं आहे. लवंग कळते, पण पुढे पुढे करत नाही. आणि कडूपणा अजिबात नाही."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. "हिला काय झालं? भाषण काय देतेय?"

"मला वास येत नाही रे," आई म्हणाली. "बरीच वर्षं झाली. म्हणून ती सांगतेय. तू जेव."

भावाचा घास हातातच राहिला. वहिनी आईकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कदाचित तिला ती पुडी आठवली असेल. मग भावाने वाटी तोंडाला लावली, सांबाराचा एक घोट घेतला आणि तो तोंडात धरून बसला. जन्मात ज्याने मस्त आणि ठीक यापलीकडे जेवणाबद्दल शब्द काढला नाही, तो विचार करत होता.

"आई," तो म्हणाला, "शेवटी काहीतरी गोडसर येतंय. खोबरं असेल."

आई चावता चावता थांबली. "खोबरं नाही रे," ती म्हणाली, "बडीशेप ती."